मानेच्या मणक्यांचे फ्यूजन: कोड कुठून येतात आणि नोटमध्ये काय असावे लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील एका रुग्णाच्या मानेवर पुढच्या बाजूने फ्यूजनची, म्हणजे मणके एकमेकांना जोडण्याची, शस्त्रक्रिया झाली. सी५-सी६ आणि सी६-सी७ या दोन जागांमधील, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधील, चकत्या काढून तेथे पीक या कृत्रिम पदार्थाचे केज (चकतीच्या जागी बसणारे पोकळ ठोकळे) बसवण्यात आले आणि पुढून धातूची प्लेट स्क्रूंनी पक्की करण्यात आली. सर्जनच्या कार्यालयाने बिलासाठी सीपीटीचे, म्हणजे डॉक्टरांच्या कामाला दिल्या जाणाऱ्या अमेरिकी कोडप्रणालीतले, २२५५१, २२५५२, ६३०७५, ६३०७६, २२८४५, दोन वेळा २२८५३, २०९३१ आणि ६९९९० असे कोड पाठवले. विमा कंपनीने ६३०७५, ६३०७६, ६९९९० आणि २२८४५ नाकारले, २२५५२ साठी वैद्यकीय गरज दाखवणारी कागदपत्रे मागितली आणि बाकीचे पैसे दिले. यांतील कोणते कोड योग्य आहेत, कशासाठी अपील करावे, नोटमध्ये नेमके काय असायला हवे होते आणि रुग्णालयाच्या इनपेशंट (दाखल रुग्णांच्या) बाजूला हेच काम कसे कोड होते, हे प्रश्नकर्तीला हवे आहे. ऑपरेटिव्ह नोटमधील, म्हणजे सर्जनने लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या वर्णनातील, मुख्य वाक्य तिने दिले आहे: दोन्ही लेव्हलना नेहमीप्रमाणे डिसेक्टॉमी आणि डीकम्प्रेशन करण्यात आले. लेव्हल म्हणजे दोन मणक्यांमधील जागा, डिसेक्टॉमी म्हणजे चकती काढणे आणि डीकम्प्रेशन म्हणजे मज्जारज्जू किंवा नसेवरील दाब हटवणे.

पुण्यात आणि नवी मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांचे क्लेम पाहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना अशी नोट रोज दिसते. मी स्पाइनच्या क्लेमचे ऑडिट बरीच वर्षे करत आले आहे, आणि माझे ठाम मत असे आहे की या प्रकरणातील अडचण कोडच्या यादीत कमी आणि त्या एका वाक्यात जास्त आहे. यादी दुरुस्त करणे अर्ध्या तासाचे काम आहे; परंतु ते वाक्य जसे आहे तसेच राहिले, तर दुरुस्त केलेली यादीसुद्धा ऑडिटमध्ये टिकणार नाही.

आधी यादी पाहू. २२५५१ हा कोड २०११ साली आला. त्यापूर्वी पुढून चकती काढून मज्जारज्जू आणि नर्व्ह रूट (मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेचे मूळ) मोकळे करण्यासाठी ६३०७५ आणि त्याच जागी मणके जोडण्यासाठी २२५५४ असे दोन कोड लावले जात, आणि एकाच जागेवर ही दोन्ही कामे बहुतेक वेळा एकत्रच होत असल्यामुळे ती एका कोडमध्ये बांधली गेली. म्हणून २२५५१ च्या व्याख्येतच चकतीची जागा तयार करणे, चकती काढणे, हाडाचे वाढलेले काटे काढणे आणि मज्जारज्जू किंवा नर्व्ह रूटवरील दाब हटवणे हे सगळे आहे; २२५५२ हा पुढच्या प्रत्येक जागेसाठी मुख्य कोडला जोडून लागणारा अ‍ॅड-ऑन कोड आहे. त्याच जागांसाठी ६३०७५ आणि ६३०७६ पुन्हा लावणे म्हणजे एका कामाचे दोनदा बिल करणे होय. ते नाकारले गेले हे योग्यच झाले आणि त्यासाठी अपील करू नये. ६९९९०, म्हणजे ऑपरेटिंग मायक्रोस्कोपचा कोड, याचीही तीच स्थिती आहे. २२५५१ आणि २२५५२ सोबत तो लावता येत नाही असे सीपीटीच्या पुस्तकातच लिहिलेले आहे. मायक्रोस्कोप वापरल्याचे नोटमध्ये जरूर असावे, कारण काम किती बारकाईने झाले हे त्यातून कळते. पण त्याचा वेगळा कोड होत नाही. शस्त्रक्रियेदरम्यान लेव्हल तपासण्यासाठी वापरलेल्या फ्लुओरोस्कोपीचेही (थेट क्ष-किरण चित्रणाचेही) वेगळे बिल होत नाही, आणि सर्जनने स्वतः केलेल्या न्यूरोमॉनिटरिंगचेही (नसांच्या कार्यावर लक्ष ठेवण्याचेही) होत नाही.

२०९३१ चा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे पैसे मिळाले आहेत आणि म्हणून त्याकडे कोणी पुन्हा पाहणार नाही. २०९३१ हा दात्याच्या हाडाच्या घडीव तुकड्यासाठीचा कोड आहे. चकतीच्या जागी आधार म्हणून हाडाचाच ठोकळा बसवला, तर तो लागू होतो. येथे पीकचे केज बसवले आहेत आणि त्यांच्यासाठी २२८५३ प्रत्येक जागेला एकदा, म्हणजे दोनदा, आधीच लावलेला आहे. केजच्या पोकळीत भरलेले द्रव्य जर खनिजे काढून टाकलेल्या हाडाची पेस्ट असेल तर २०९३० आणि त्याच जखमेतून मिळालेला हाडाचा चुरा असेल तर २०९३६ लागू होतो. दोन्ही असतील तर दोन्ही. हे ग्राफ्टचे (भरलेल्या हाडाचे) कोड किती लेव्हल केल्या यावर अवलंबून नसतात, त्यामुळे प्रत्येक प्रकार शस्त्रक्रियेत एकदाच लागतो. मेडिकेअर (अमेरिकी सरकारची मुख्यतः ज्येष्ठांसाठीची आरोग्य विमा योजना) २०९३० आणि २०९३६ यांचे वेगळे पैसे देत नाही, तर २०९३१ चे देते. म्हणूनच या जागी २०९३१ चुकून लागणे हे निरुपद्रवी नाही. येथे दुरुस्त क्लेम पाठवून तो कोड मागे घ्यावा लागेल. विमा कंपनीने पैसे दिले म्हणून कोड बरोबर ठरत नाही, आणि क्लेम मेडिकेअरचा असेल तर जास्तीची रक्कम लक्षात आल्यावर ६० दिवसांत परत करण्याचे कायदेशीर बंधन आहे.

आता २२८४५, जो नाकारला गेला आणि ज्यासाठी अपील करणे योग्य ठरू शकते. २०१७ साली जुना २२८५१ रद्द होऊन २२८५३, २२८५४ आणि २२८५९ हे कोड आले, तेव्हा २२८५३ च्या व्याख्येत एक भर पडली: केजला पक्के धरून ठेवण्यासाठी केजमध्येच अंतर्भूत असलेले पुढचे स्क्रू किंवा पट्टी यांचे काम त्याच कोडमध्ये समाविष्ट आहे. ज्या केजच्या पुढच्या दर्शनी भागातूनच स्क्रू वर-खाली मणक्यांत जातात, अशा केजसोबत २२८४५ लावता येत नाही. मात्र केजशी संबंध नसलेली स्वतंत्र प्लेट मणक्यांच्या पुढच्या पृष्ठभागावर बसवली असेल, तर २२८४५ हा मॉडिफायर ५९ सह, म्हणजे हे काम वेगळे होते असे सांगणाऱ्या जोड-अंकासह, लावता येतो. सी५, सी६ आणि सी७ असे तीन मणके प्लेटखाली आले आहेत, म्हणजे दोन ते तीन मणक्यांसाठीचा २२८४५ हाच कोड बरोबर आहे. सी४ पासून सी७ पर्यंत प्लेट असती तर मणके चार झाले असते आणि २२८४६ लागला असता. येथे नवीन कोडर हमखास गोंधळतात. फ्यूजन मोजायचे ते दोन मणक्यांमधील जागांनी, प्लेट मोजायची ती मणक्यांनी. दोन जागा म्हणजे तीन मणके, तीन जागा म्हणजे चार मणके.

या अपीलचा सगळा भार प्लेट स्वतंत्र होती हे दाखवण्यावर आहे. नोटमध्ये फक्त प्लेट आणि केज बसवले असे लिहिले असेल तर तपासनीसाला ते कळणार नाही. अशा वेळी मी ऑपरेटिव्ह नोटइतकेच महत्त्व इम्प्लांट रेकॉर्डला देते. ऑपरेशन थिएटरमधील परिचारिका जे स्टिकर चिकटवतात, त्यांवर प्रत्येक वस्तूचे नाव, कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक असतो. त्यात दोन केज, एक प्लेट आणि सहा स्क्रू अशा वेगवेगळ्या नोंदी दिसत असतील, आणि नोटमध्ये प्लेट सी५ ते सी७ च्या पुढच्या पृष्ठभागावर ठेवून प्रत्येक मणक्यात दोन स्क्रू घातल्याचे लिहिलेले असेल, तर अपीलसोबत ही दोन पाने पुरेशी असतात. काही केजना त्यांची स्वतःची छोटी पट्टी कारखान्यातूनच जोडलेली असते किंवा टेबलावर जोडली जाते. तशी पट्टी असेल तर सर्जनने नोटमध्ये तिला प्लेट म्हटले तरी ती २२८५३ मध्येच धरली जाते. म्हणून अपील लिहिण्याआधी त्या वस्तूचे नाव पाहून ती कोणत्या प्रकारची आहे हे कोडरने स्वतः समजून घ्यावे. हा तपास न करता मॉडिफायर ५९ लावण्याची सवय फार पसरली आहे आणि ती मला चिंताजनक वाटते.

आता त्या वाक्याकडे येते. दोन्ही लेव्हलना नेहमीप्रमाणे डिसेक्टॉमी आणि डीकम्प्रेशन करण्यात आले, एवढ्यावर २२५५१ आणि २२५५२ उभे राहतात का? कडक ऑडिटर म्हणेल की नाही. कारण २२५५४ नावाचा कोड अजूनही आहे आणि त्याचा पुढच्या जागेसाठीचा सोबती २२५८५ सुद्धा आहे. चकती केवळ जागा तयार करण्यापुरती काढली आणि मणके जोडले, दाब हटवण्याचे काम झाले नाही, तर हे कोड लागू होतात. २२५५१ आणि २२५५४ यांच्यातला सगळा फरक डीकम्प्रेशन खरोखर झाले की नाही यावर आहे, आणि डीकम्प्रेशन झाले हे सिद्ध करण्याचे काम त्या शब्दाचे नाही, त्या कृतीच्या वर्णनाचे आहे. चांगल्या नोटमध्ये प्रत्येक लेव्हलसाठी स्वतंत्र परिच्छेद असतो. त्यात सांगितलेले असते की चकती मागच्या टोकापर्यंत काढली. मणक्यांच्या मागच्या कडांवरील हाडाचे काटे बर (फिरते कोरणी यंत्र) आणि केरिसन रोंजरने (हाड कुरतडणाऱ्या चिमट्याने) काढले. मागचे लांब लिगामेंट, म्हणजे पीएलएल, उघडले किंवा काढले, आणि काढले नसेल तर का नाही. ड्युरा (मज्जारज्जूचे आवरण) मोकळा दिसला. डाव्या किंवा उजव्या किंवा दोन्ही बाजूंची फोरामिना (नसा बाहेर पडण्याची छिद्रे) रुंद केली. आणि शेवटी नर्व्ह हुक नर्व्ह रूटच्या वाटेने विनाअडथळा गेला. हे वर्णन सी५-सी६ साठी एकदा आणि सी६-सी७ साठी एकदा असावे लागते. दोन्ही लेव्हलची स्थिती क्वचितच एकसारखी असते. एकीकडे मऊ चकतीचा तुकडा निसटलेला असतो, दुसरीकडे कडक हाडाचा काटा असतो. दोन्ही परिच्छेद अक्षरशः सारखे असतील तर ते टेम्प्लेटमधून आले आहेत असा संशय घेतला जातो, आणि तो संशय अनाठायी नसतो.

येथे कोडरने शरीररचना जाणून घेणे मला अत्यावश्यक वाटते, आणि २२५५२ साठी मागितलेल्या कागदपत्रांचे उत्तरही तेथेच आहे. मानेत मणके सात आणि नर्व्ह रूट आठ असतात. पहिल्या सात जोड्या आपापल्या क्रमांकाच्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात, म्हणून सी५-सी६ या जागेत दबणारी रूट सी६ ची असते आणि सी६-सी७ मध्ये सी७ ची. सी७ आणि टी१ (छातीचा पहिला मणका) यांच्यामध्ये सी८ ची रूट असते. सी६ दबली तर वेदना आणि बधिरपणा अंगठ्याकडे जातो, बायसेप्स आणि मनगट वर उचलणारे स्नायू कमजोर होतात, ब्रेकिओरेडिअॅलिसचा रिफ्लेक्स मंदावतो. सी७ दबली तर बधिरपणा मधल्या बोटात असतो, ट्रायसेप्स कमजोर होतो आणि त्याचा रिफ्लेक्स मंदावतो. रुग्णाच्या तपासणीच्या नोटमध्ये केवळ अंगठ्याच्या मुंग्यांचा उल्लेख असेल, एमआरआयमध्ये सी६-सी७ ला फक्त किरकोळ फुगवटा असेल आणि तरीही तेथे फ्यूजन केले असेल, तर विमा कंपनी दुसऱ्या लेव्हलची गरज विचारणारच. उलट ट्रायसेप्सची ताकद पाचपैकी चार, मधल्या बोटाचा बधिरपणा आणि एमआरआयमध्ये डाव्या सी६-सी७ फोरामेनचे तीव्र अरुंदीकरण या तीन गोष्टी एकाच नोटमध्ये, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तारखेने असतील, तर २२५५२ चे उत्तर तयारच आहे.

निदानाचा कोड येथे मदतीला येत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे निदानांच्या कोडप्रणालीत, मानेच्या मधल्या चकत्यांचे कोड १ ऑक्टोबर २०१६ पासून लेव्हलनुसार वेगळे झाले: रॅडिक्युलोपथीसह (नर्व्ह रूट दबून होणाऱ्या त्रासासह) सी४-सी५ साठी एम५०.१२१, सी५-सी६ साठी एम५०.१२२ आणि सी६-सी७ साठी एम५०.१२३. परंतु एम५० या वर्गाखाली अशी सूचना आहे की आजाराच्या सर्वांत वरच्या लेव्हलचा कोड द्यावा. म्हणजे या रुग्णात सी५-सी६ आणि सी६-सी७ या दोन्ही चकत्यांमुळे रॅडिक्युलोपथी असली, तरी सूचनेप्रमाणे कोड जातो तो एम५०.१२२. क्लेम वाचणाऱ्या यंत्रणेला दुसऱ्या लेव्हलबद्दल कोडमधून काहीच कळत नाही. म्हणून दुसऱ्या लेव्हलची गरज दाखवण्याची जबाबदारी पूर्णपणे डॉक्टरांच्या शब्दांवर येऊन पडते.

रॅडिक्युलोपथी आणि मायलोपथी (मज्जारज्जूचा आजार) यांतील भेदही नोटमध्ये स्पष्ट हवा. मज्जारज्जू दबल्यामुळे चालताना तोल जाणे, हातातून वस्तू निसटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, रिफ्लेक्स वाढणे, हॉफमन चिन्ह (मधल्या बोटाच्या टोकाला टिचकी मारताच अंगठा आपोआप वाकणे) असणे आणि एमआरआयच्या टी२ प्रतिमेत मज्जारज्जूत बदललेला सिग्नल दिसणे अशा नोंदी असतील, तर डॉक्टरांनी मायलोपथी हा शब्द निदान म्हणून लिहिलेला असला पाहिजे; कोडर लक्षणांवरून तो स्वतः लावू शकत नाही. चकतीमुळे झालेल्या मायलोपथीसाठी एम५०.०२२ सारखे कोड आहेत, स्पॉन्डिलोसिसमुळे (मणक्यांच्या झिजेमुळे) झालेल्या मायलोपथीसाठी एम४७.१२ आहे, आणि मानेतील स्टेनोसिससाठी (मज्जारज्जूची वाट अरुंद होण्यासाठी) एम४८.०२ आहे. एम५४.१२ हा साधा रॅडिक्युलोपथीचा कोड चकतीच्या किंवा स्पॉन्डिलोसिसच्या निदानासोबत लावता येत नाही, कारण तो तेथे वगळलेला आहे. मान दुखण्याचा एम५४.२ सुद्धा चकतीच्या आजारासोबत लागत नाही. मायलोपथीच्या नोंदीला आर्थिक आणि वैद्यकीय दोन्ही दृष्टींनी वजन आहे. बहुतेक विमा कंपन्यांच्या धोरणांत रॅडिक्युलोपथीसाठी शस्त्रक्रियेपूर्वी साधारण सहा आठवड्यांचे शस्त्रक्रियेविना उपचार अपेक्षित असतात, तर वाढत्या मायलोपथीसाठी किंवा वाढत्या अशक्तपणासाठी ती अट सहसा नसते. ज्या रुग्णाची चाल बिघडत चालली आहे त्याला केवळ नोटमध्ये शब्द नाही म्हणून सहा आठवडे फिजिओथेरपीकडे परत पाठवले जाते, तेव्हा अपुऱ्या दस्तऐवजाची किंमत रुग्ण मोजतो.

शस्त्रक्रियेविना केलेल्या उपचारांबद्दल औषधे आणि व्यायाम करून फायदा झाला नाही असे एक वाक्य पुरत नाही. फिजिओथेरपी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत झाली, कोणती औषधे दिली, इंजेक्शन कोणत्या लेव्हलला दिले आणि त्याचा गुण किती काळ टिकला, हे लिहिलेले असावे. फिजिओथेरपी दुसऱ्या केंद्रात झाली असेल तर तेथील नोंदी मागवून रुग्णाच्या फाइलमध्ये लावाव्यात. तंबाखूचाही उल्लेख हवा, कारण धूम्रपानामुळे हाड जुळण्याची शक्यता कमी होते आणि अनेक विमा कंपन्या नियोजित फ्यूजनपूर्वी ते थांबवल्याची नोंद मागतात. मेडिकेअरने १ जुलै २०२१ पासून रुग्णालयाच्या आउटपेशंट विभागात होणाऱ्या २२५५१ आणि २२५५२ साठी पूर्वपरवानगी सक्तीची केली आहे, त्यामुळे ही कागदपत्रे आता शस्त्रक्रियेनंतर जमवण्याची गोष्ट राहिलेली नाही. परवानगीसोबत मिळणारा क्रमांक रुग्णालयाच्या क्लेमवर असावा लागतो, आणि परवानगी नसेल तर रुग्णालयाबरोबर सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचे संबंधित क्लेमही अडचणीत येऊ शकतात.

मणक्याचे शरीर काढण्याबद्दल येथे थोडे सांगते, कारण अशा नोटमध्ये पार्शल कॉर्पेक्टॉमी (मणक्याचे शरीर अंशतः काढणे) हे शब्द वारंवार दिसतात आणि कार्यालये त्यावरून ६३०८१ लावतात. मानेत कॉर्पेक्टॉमीचा कोड लागण्यासाठी मणक्याच्या शरीराचा किमान अर्धा भाग काढलेला असावा लागतो. केज नीट बसावा म्हणून मणक्याच्या टोकाचे थोडे हाड घासणे किंवा काटे काढण्यासाठी कडा कोरणे हे २२५५१ मध्येच येते. खरी कॉर्पेक्टॉमी बहुधा दाब मणक्याच्या शरीरामागे असतो म्हणून केली जाते, उदाहरणार्थ मागचे लिगामेंट हाडासारखे कडक झालेले असते किंवा चकतीचा तुकडा तेथे सरकलेला असतो. हे कारण आणि काढलेल्या हाडाचे प्रमाण दोन्ही नोटमध्ये लिहिलेले असावे. सी५ चे शरीर काढून सी४ ते सी६ जोडले तर ६३०८१ सोबत २२५५४ आणि २२५८५ लागतात, केजसाठी २२८५४ लागतो आणि प्लेटसाठी २२८४५. तेथे २२५५१ लावला तर डीकम्प्रेशन दोनदा मोजले जाते.

मागून केलेल्या फ्यूजनचे नियम वेगळे आहेत. सी२ च्या खाली मागून जोडण्यासाठी २२६०० आणि पुढच्या प्रत्येक जागेसाठी २२६१४, सी१ आणि सी२ साठी २२५९५, कवटीपासून सी२ पर्यंत २२५९०. तेथे लॅमिनेक्टॉमी (मणक्याची मागची कमान काढणे) फ्यूजनच्या कोडमध्ये समाविष्ट नसल्यामुळे ती वेगळी कोड होते, आणि फॅसेट (मणक्यांचे मागचे छोटे सांधे) व फोरामेनचे काम झाले असेल तर ६३०४५, न झाले असेल तर लेव्हलच्या संख्येनुसार ६३००१ किंवा ६३०१५ असा फरक पुन्हा नोटच्या वर्णनावरच ठरतो.

दोन सर्जन असतील तेव्हा, म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञाने मानेत वाट करून दिली आणि स्पाइन सर्जनने पुढचे काम केले, तर दोघेही २२५५१ ला मॉडिफायर ६२ लावतात आणि दोघांचीही स्वतंत्र ऑपरेटिव्ह नोट असावी लागते. मेडिकेअर अशा वेळी ठरलेल्या रकमेच्या १२५ टक्के धरून ती दोघांत विभागते. प्लेट, केज आणि ग्राफ्ट यांच्या कोडवर ६२ लागत नाही.

इनपेशंट बाजूला सीपीटी नसते. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-पीसीएस ही शस्त्रक्रियांची कोडप्रणाली आहे आणि त्याची विचारपद्धतीच निराळी आहे. या रुग्णाच्या दोन जागांना एकाच प्रकारचे केज एकाच मार्गाने बसले आहेत, म्हणून फ्यूजनचा एकच कोड होतो, ०आरजी२०ए०. त्यातील २ हा अंक मानेतील दोन किंवा अधिक सांधे दाखवतो, ए हे अक्षर केजसाठी आहे आणि शेवटचा शून्य पुढून पुढच्या स्तंभाचे फ्यूजन दाखवतो. केजमध्ये हाडाचा चुरा किंवा पेस्ट भरलेली असली तरी उपकरणाचे मूल्य केजचेच राहते. प्लेट आणि स्क्रू यांचा वेगळा कोड होत नाही. हाड जर कमरेच्या हाडातून वेगळ्या छेदाने काढले असेल तर मात्र ते वेगळे कोड करावे लागते. चकती काढल्याचा कोडही वेगळा द्यायचा असतो, आणि येथे पुन्हा नोटचे शब्द निर्णायक ठरतात: चकती पूर्ण काढली असेल तर ०आरटी३०झेडझेड, काही भाग काढला असेल तर ०आरबी३०झेडझेड, आणि दोन चकत्या असल्यामुळे तो दोनदा. नेहमीप्रमाणे डिसेक्टॉमी केली या वाक्यातून पूर्ण की अंशतः हे कळत नाही, म्हणून सर्जनला क्वेरी (लेखी विचारणा) करावीच लागते. मज्जारज्जू किंवा नर्व्ह रूट मोकळी करणे हे स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून वर्णन केलेले असेल, तर त्याचाही कोड तपासावा. एक नियम विसरू नये: सांध्यात हाड जुळवणारे साहित्य नसेल आणि केवळ प्लेट बसवली असेल, तर पीसीएसच्या दृष्टीने ते फ्यूजनच नव्हे.

मानेचे साधे फ्यूजन एमएस-डीआरजी (रुग्णालयाला मिळणारी रक्कम ठरवणारे गट) ४७१, ४७२ किंवा ४७३ मध्ये जाते आणि सोबतचे गंभीर आजार यांतील निवड ठरवतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकाच वेळी पुढून आणि मागून केलेल्या मानेच्या फ्यूजनसाठी ४२९ आणि ४३० हे वेगळे गट झाले आहेत. त्यामुळे मागच्या बाजूला केवळ स्क्रू आणि रॉड बसवले की तेथे ग्राफ्ट घालून फ्यूजनही केले, हे नोटमध्ये निःसंदिग्ध असणे पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले आहे. गुंतागुंतीच्या नोंदीबाबतही काळजी घ्यावी. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गिळताना त्रास होणे अपेक्षित असते. डॉक्टरांनी तो शस्त्रक्रियेची गुंतागुंत आहे असे लिहिल्याशिवाय कोडरने तो तसा कोड करू नये. ड्युरा चुकून फाटला असेल तर जी९७.४१ आहे, पण तो नोटमध्ये तसा लिहिलेला हवा; आणि त्याच वेळी केलेल्या दुरुस्तीचे सर्जनच्या बिलात वेगळे पैसे मागता येत नाहीत.

आता या प्रकरणात प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. अपील करण्यापूर्वी सर्जनला क्वेरी पाठवावी, आणि ती उत्तर सुचवणारी नसावी. पीएलएल काढले असे लिहावे, म्हणजे २२५५२ टिकेल, असे लिहिणे गंभीर गैरवर्तन आहे. त्याऐवजी असे विचारावे: आपल्या नोटमध्ये सी५-सी६ आणि सी६-सी७ येथे डीकम्प्रेशन केल्याचा उल्लेख आहे, प्रत्येक लेव्हलला काय आढळले, कोणत्या रचना काढल्या आणि काम कोठपर्यंत नेले हे, आपल्या वैद्यकीय निर्णयानुसार आणि आठवणीनुसार, कृपया स्पष्ट करावे, चकती पूर्ण काढली, अंशतः काढली, की हे आता ठरवता येत नाही, तेही नमूद करावे. शेवटचा पर्याय नेहमी खुला ठेवावा. सर्जनने दिलेले उत्तर त्या दिवसाच्या तारखेने परिशिष्ट म्हणून जोडावे, मूळ नोटमध्ये मिसळू नये. शस्त्रक्रियेला काही महिने उलटून गेल्यावर आणि नकार आल्यावर लिहिलेल्या परिशिष्टाला ऑडिटर फारसे वजन देत नाहीत हे खरे आहे. त्यामुळे त्याच्या जोडीला त्या वेळचीच कागदपत्रे द्यावीत. इम्प्लांट रेकॉर्ड, शस्त्रक्रियेदरम्यानच्या क्ष-किरण प्रतिमा, पॅथॉलॉजीकडे चकतीचा नमुना गेला असेल तर त्याचा अहवाल, न्यूरोमॉनिटरिंगची नोंद आणि शस्त्रक्रियेनंतर ट्रायसेप्सच्या ताकदीत झालेला बदल या गोष्टी नकार येण्यापूर्वीच्या असल्यामुळे त्यांवर विश्वास ठेवला जातो.

त्यानंतर दुरुस्त क्लेम २२५५१, २२५५२, प्लेट स्वतंत्र असल्यास मॉडिफायर ५९ सह २२८४५, दोन वेळा २२८५३, आणि प्रत्यक्ष वापरलेल्या साहित्यानुसार २०९३०, २०९३६ किंवा दोन्ही असा जाईल; ६३०७५, ६३०७६, ६९९९० आणि २०९३१ काढून टाकले जातील. क्वेरीच्या उत्तरात सर्जनने सी६-सी७ ला केवळ जागा तयार केली, दाब हटवण्याचे काम तेथे झाले नाही असे सांगितले, तर २२५५२ ऐवजी २२५८५ लावावा. अपीलच्या पत्रात २२५५२ साठी पहिल्याच परिच्छेदात सी७ रूटची लक्षणे, तपासणीतील ट्रायसेप्सची ताकद आणि एमआरआयमधील सी६-सी७ चे वाक्य, तिन्ही तारखांसह, लागोपाठ ठेवावीत आणि ती कोणत्या पानावर आहेत ते लिहावे. ही तीन वाक्ये फाइलमध्ये सापडत नसतील, तर दुसऱ्या लेव्हलसाठी अपील करण्याआधी सर्जनशी फोनवर बोलून त्या लेव्हलचा निर्णय कशावर झाला होता आणि त्याची त्या वेळची नोंद कोठे आहे हे विचारावे. कित्येकदा ती दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टच्या ईएमजी (स्नायू-नसांच्या विद्युत तपासणीच्या) अहवालात किंवा इंजेक्शन देणाऱ्या पेन क्लिनिकच्या नोंदीत असते आणि सर्जनच्या फाइलपर्यंत पोहोचलेलीच नसते.